करणी नव्हे, कारण शोधा



घरातली सून बाळंत होते. पंधरा-वीस दिवसांनी ती अबोल होते, रात्र रात्र जागते, तान्ह्या लेकराकडे पाहून रडते. शेजारीण म्हणते, "बाहेरचं लागलंय!" आणि ज्या भिंतीवर भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर आहे, त्याच घरात देवऋषी अंगारा घेऊन शिरतो. मग आपण दीक्षा घेतली ती कशासाठी?

सिवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारले होते, "माणसाचे सारे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते, असे काहीजण म्हणतात. आपले मत काय?" भगवंतांनी ते मत नाकारले. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, विषम राहणी, बाहेरचा आघात आणि कर्म अशी आठ कारणे त्यांनी सांगितली. संयुक्त निकायात ही नोंद आहे. देह पाहा, भोवतालही पाहा, असाच तिचा अर्थ.

आजचे विज्ञान याच वाटेने जाते. उदासीनतेच्या व चिंतेच्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा असतो. थायरॉईड ग्रंथी बिघडली तरी मन खचते. बाळंतपणानंतर शरीरातील संप्रेरके एकाएकी घटतात, त्याचाही परिणाम होतो. पण आनुवंशिकता म्हणजे ललाटरेषा नव्हे. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला, तर दुसऱ्याला होतोच असे नाही. उरलेला वाटा भोवतालचा: कर्ज, बेकारी, घरातली दारू, मारहाण आणि जातीचा अपमान. पिढ्यान्‌पिढ्या हिणवलेल्या माणसाचे मन धास्तावले, तर तो त्याचा दुबळेपणा नव्हे. तो घाव आहे.

कारण आहे म्हणून दुःख आहे. कारण दूर केले की दुःख ओसरते. हाच प्रतीत्यसमुत्पाद. म्हणून आजाऱ्याला डॉक्टरांकडे न्या. भगवंतांनी स्वतः जीवक वैद्याचे औषध घेतले होते. वंदना करा, ध्यान करा. पण त्यासाठी गोळ्या मनाने बंद करू नका. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही घरात लिहून ठेवा.

आणि घरही बदला. पती, दोन लेकरे, आईबाप गमावून भान हरपलेल्या पटाचारेला लोक हाकलीत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले. आपल्या सुनेला तेवढी करुणा आपण देणार की नाही?

जय भीम! नमो बुद्धाय!