उद्योगपर्व: शिष्टाई फसणार हे माहीत असताना

काल श्रीकृष्ण हस्तिनापुरात पोचले, तिथे आपण थांबलो होतो. आजचा भाग छोटा आहे. मी दोनदा वाचला.

दुर्योधन जेवायला बोलावतो. देव सरळ नाही म्हणतात, आणि कारण अगदी व्यवहारी देतात: दूत काम फत्ते झाल्यावर जेवतो. शिवाय दुसऱ्याचं अन्न एक तर प्रेमापोटी खावं, नाहीतर अडचणीत सापडल्यावर. तुझं माझ्यावर प्रेम नाही आणि मी अडचणीत नाही. मग विदुराकडे जेवतात. रात्री विदुर विचारतो, इथे तुमचं कोणी ऐकणार नाही, मग आलातच कशाला?

देवांच्या उत्तराचा एक भाग आपल्या सगळ्यांना आवडतो. चांगल्या कामासाठी शक्ती असेल तेवढा प्रयत्न केला आणि यश आलं नाही, तरी पुण्य मिळतंच. स्टेटसला ठेवायला छान आहे. पण देव तिथे थांबत नाहीत. ते म्हणतात, आपलं माणूस चुकीच्या वाटेने निघालं तर त्याला केस धरूनसुद्धा मागे ओढावं. आणि उद्या कोणी असं म्हणू नये, की कृष्ण समर्थ होता तरी त्याने यांना आवरलं नाही.

'समर्थ असून' या दोन शब्दांपाशी मी अडकलो. आजच्या जगात शिष्टाईचं काम संयुक्त राष्ट्रांकडे आहे, त्यामुळे डोक्यात आला तो १९९४ चा रवांडा.

तिथे हुतू सरकार आणि तुत्सी बंडखोर यांच्यात १९९३ मध्ये करार झाला होता, आणि तो पाळला जावा म्हणून सुमारे अडीच हजारांची शांतिसेना होती. तिचे प्रमुख कॅनडाचे जनरल रोमियो डॅलेअर. ११ जानेवारी १९९४ ला त्यांनी न्यूयॉर्कला कळवलं, की शस्त्रं लपवलेली आहेत, तुत्सींच्या कत्तलीची तयारी चालू आहे, मी छापा घालतो. उत्तर आलं, हे तुमच्या अधिकारात बसत नाही. (आम्ही ऑफिसात 'आउट ऑफ स्कोप' म्हणतो, तेच.) एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. बेल्जियमचे १० सैनिक मारले गेले, बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली, आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठरवलं, की २७० माणसं पुरेत. सुमारे १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं गेली. पुढे १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच चौकशी समितीने म्हटलं, साधनं कमी पडली आणि इच्छाशक्तीही.

कृष्णाच्या आधी एक दूत येऊन गेला होता, आठवतंय? संजय. धृतराष्ट्राने त्याला पांडवांकडे पाठवलं ते रिकाम्या हाताने. राज्य द्यायचं नाव नाही, फक्त युद्ध वाईट असतं हा उपदेश. युद्ध करून राज्य मिळवण्यापेक्षा भीक मागितलेली बरी, इथपर्यंत. ज्याला शांततेसाठी स्वतःचं काहीच सोडायचं नसतं, त्याची शांततेची भाषा फार गोड असते. न्यूयॉर्कहून निघणारी कितीतरी निवेदनं मला संजयाच्या भाषणासारखी वाटतात.

पण त्याच किगालीत सेनेगलचे कॅप्टन म्बाये डियान होते. निःशस्त्र लष्करी निरीक्षक. काम काय, तर पाहायचं आणि कळवायचं. हा माणूस गाडीत थोडी थोडी माणसं घालून नाक्यांवरून बाहेर काढत राहिला. नाक्यावरच्या हत्यारबंद टोळक्यांशी गप्पा, विनोद, एखादी सिगारेट. अशी शेकडो माणसं वाचली. ३१ मे ला एका नाक्यावर तोफगोळा फुटून ते गेले. कत्तल काही त्यांच्याने थांबली नाही. सुरक्षा परिषदेने २०१४ मध्ये त्यांच्या नावाने शौर्यपदक सुरू केलं, वीस वर्षांनी.

कृष्णाचीही शिष्टाई फसलीच. पाच गावांवर बोलणी आली तरी सुईच्या टोकाएवढी माती मिळाली नाही. म्हणून मला वाटतं, विदुराला दिलेल्या उत्तरात यश-अपयश हा मुद्दाच नाही. तुझ्या हातात किती होतं आणि त्यातलं तू किती वापरलंस, एवढंच आहे. डॅलेअरांच्या हातात थोडं होतं. परिषदेच्या हातात पुष्कळ होतं.

आता जरा घरचं. बाबा आणि काका गावच्या जमिनीवरून चार वर्षं बोलत नाहीत. मी दोघांचाही लाडका, आणि दोघांनाही सांगतो, 'मी यात पडत नाही.' याला मी आजवर अलिप्तता समजत होतो, वर गीतेचा आधारही देत होतो. आज वाचताना लाज वाटली. खरं कारण एवढंच, की मध्ये पडलो तर दोघांचेही बोल खावे लागतील.

रविवारी काकांकडे जातोय. ऐकतील असं वाटत नाही. काकू जेवायला थांबवेल हे नक्की, आणि तिच्या ताटात प्रेम नाही असं तर मला म्हणताच येणार नाही.

उद्याचं वाचन: कौरवसभेतलं देवांचं भाषण. जय श्रीकृष्ण.