काळा दोरा आणि जाणते डोळे

सुरत हे दोऱ्याचं शहर आहे. इथले लूम्स, एम्ब्रॉयडरीची मशिनं आणि जरीची खाती यांवर लाखो माणसांची पोटं चालतात, त्यात माझंही एक. याच शहरात १९१८ साली बाबूभाई मिस्त्री जन्मले आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत जाऊन ‘काला धागा’ या टोपणनावानं ओळखले जाऊ लागले. १९३७ साली विजय भट्ट यांच्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये एक अदृश्य माणूस दाखवायचा होता. माणूस दिसत नाही, पण वस्तू हवेत फिरतात. बाबूभाईंनी हे काम काळ्या दोऱ्यावर साधलं. मागचा पडदा काळा, दोरा काळा, आणि उजेड असा मारायचा की तो वस्तूवर पडेल, दोऱ्यावर पडणार नाही. कॅमेऱ्याला फक्त तरंगणारी वस्तू दिसते. पुढे त्यांनी ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) दिग्दर्शित केला. ज्या हातांना दोरा कुठे बांधायचा हे ठाऊक होतं, त्याच हातांनी लोकांना राम दाखवला.

मला या माणसाबद्दल जिव्हाळा वाटतो, कारण लहान प्रमाणावर मीही तेच काम करतो. मूळचा धुळे जिल्ह्यातला, पोटासाठी सुरतेत आलो आणि एम्ब्रॉयडरी मशिनचा मिस्त्री झालो. गणपतीत आमच्या लिंबायतच्या मंडळाचा हलता देखावा मी उभा करतो. एका वर्षी कालियामर्दन केलं होतं. नागाचे फणे एका गिअर मोटरवर, तिला कॅम लावलेला, म्हणजे प्रत्येक फणा वेगळ्या वेळी वर येतो. कृष्ण त्यांच्यावर अधांतरी नाचतो. पारदर्शक तंगूस वापरून चालत नाही, एलईडीच्या उजेडात ती चकाकते. मी बारीक तार घेऊन तिला चमक नसलेला काळा रंग देतो आणि हलक्या वस्तूंना मशिनवरचाच काळा दोरा बांधतो.

त्या कृष्णाचा पीतांबर आमच्या गल्लीतल्या एका मावशीनं शिवला. ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते. उरलेल्या लेसपट्टीतून तिनं कृष्णाची किनार केली, आतून लावलेली पट्टी दोनदा उसवून पुन्हा लावली, कारण तार तिथे अडकत होती. तार कुठून जाते हे माझ्याखालोखाल तिलाच ठाऊक. पहिल्या संध्याकाळी आरती झाली, मी बटण दाबलं, फणे उठले, कृष्ण हलला आणि मावशीनं हात जोडले. डोळे भरून आले होते तिचे.

तिला काय दिसलं? तिनं स्वतः शिवलेली बाहुली दिसली, की देव? आणि ज्याला आतली सगळी करणी माहीत आहे त्याचा भाव खरा असू शकतो का? हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आमच्याकडे पारायणाला येणाऱ्या एका महाराजांनी तो उलट्या बाजूनं मला विचारला. ते म्हणाले, “आप्पा, पोरांना पडद्यामागं नेऊन मोटर दाखवता, ते बरं नाही. दोरा दिसला की भाव जातो.” ते प्रेमानं बोलले होते, म्हणून मी त्याचा नीट विचार केला. माझं उत्तर मला याच शहराच्या जुन्या इतिहासात सापडलं.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. मग तो सुरतेत आला. इथे पहिल्या दिवसाचा गल्ला अवघा तीन रुपये झाला. लोकांना रात्रभर चालणाऱ्या नाटकांची सवय. दीड तासाचा मूक खेळ कोण बघणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती अशी की, सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे. लोक आले. लांबी त्यांनी सढळ हातानं वाढवली होती, पण छायाचित्रांचा आकडा हिशेबात बसतो. त्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं येतात आणि चित्रपट सुमारे ३,७०० फूट होता. म्हणजे फाळक्यांनी सुरतेच्या भिंतींवर सत्यवचनी राजाबरोबर आपल्या करणीचाही गाजावाजा केला. देव पाहायला या, असं सांगताना तो किती तुकड्यांचा बनला आहे हेही सांगितलं. ते वाचून आलेल्या माणसांसमोर शेवटी शंकर प्रकट झाला.

फाळके युक्तीचे उस्ताद होते. जादूचे प्रयोग करायचे, छपाई आणि छायाचित्रण दोन्ही जाणायचे. कॅमेरा हातानं फिरवायचा. तो मध्येच थांबवायचा, नट जागच्या जागी थिजवायचे, एकाला आणून उभं करायचं आणि पुन्हा फिरवायचा. पडद्यावर माणूस शून्यातून प्रकट होतो. किंवा भिंगाचा अर्धा भाग झाकायचा, फिल्म उलटी गुंडाळून तिच्यावरच दुसऱ्यांदा चित्र घ्यायचं. ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये (१९१८) कंसाचं मुंडकं धडावरून उडून परत येतं ते अशाच युक्त्यांनी. घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, खाणावळीत काम करणारा पुरुष. लोकांना हे सगळं कळत नव्हतं असं नाही. तरी ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम दिसला की प्रेक्षक पडद्यापुढे लोटांगण घालायचे, आणि त्या चित्रपटात राम आणि सीता दोघंही अण्णा साळुंकेच होते.

फाळक्यांनी पुढे जे केलं ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा छोटा चित्रपट त्यांनी स्वतः काढला. ‘कालियामर्दन’च्या (१९१९) सुरुवातीला त्यांनी आपली लहान मुलगी मंदाकिनी मुलगी म्हणूनच दाखवली. ती निरनिराळे भाव करते, आणि मग तीच पडद्यावर कृष्ण होते. प्रेक्षकांना आधी पोर दाखवली, मग देव. भाव गेला नाही.

असं का होतं, याचं उत्तर आपल्या वेदान्तात फार पूर्वी दिलेलं आहे. भ्रम दोन जातींचा असतो. पहिला दोरीवरच्या सापाचा. अंधारात दोरी साप वाटते. दिवा आणला की साप संपतो, परत दिसत नाही. शास्त्रकार त्याला निरुपाधिक भ्रम म्हणतात. दुसरा मृगजळाचा. उन्हात रस्त्यावर पाणी दिसतं. ते पाणी नाही हे कळल्यावरही दिसायचं थांबत नाही, कारण ऊन आणि तापलेली हवा तिथेच असतात. हा सोपाधिक भ्रम. जाणत्यालाही पाणी दिसतं. फरक इतकाच की तो हंडा घेऊन धावत नाही.

चित्रपट आणि माझा देखावा या दुसऱ्या जातीचे आहेत. आपण पाहत असतो ती स्थिर चित्रांची रांग, तरी हालचाल दिसतेच. कृष्ण तारेवर आहे हे माहीत असून तो नाचतोच. ज्ञानानं दृश्य नाहीसं होत नाही, फसवणूक तेवढी नाहीशी होते. म्हणून मावशीचा नमस्कार अडाणी नव्हता. तिनं मोटरला हात जोडले नाहीत आणि मोटर नाही असं मानूनही जोडले नाहीत. मातीचा गणपती आपण दहा दिवस पुजतो, प्राणप्रतिष्ठा करतो, आणि मग आपल्याच हातांनी पाण्यात सोडतो. आता तापीऐवजी महापालिकेनं खणलेल्या कृत्रिम तलावात सोडतो, म्हणून काही देव कमी होत नाही. माती आहे हे आपण कधी लपवलं नाही. रूप उपासनेसाठी घ्यायचं आणि उपासना झाली की सोडायचं, ही रीत आपल्याला घरातच मिळालेली आहे.

आणखी एक गोष्ट. हरिश्चंद्राच्या आधी, १९१२ साली, फाळक्यांनी पैसेवाल्यांची खात्री पटवायला एक चित्रफीत केली होती, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरून दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रं घेतली. मिनिटभरात बी फुटून रोप वर आलं. युक्तीनं काळ आवळला होता, पण जे दिसलं ते खोटं नव्हतं. आपल्या डोळ्यांना कधी न दिसणारं सत्य तेवढ्या युक्तीनं दिसलं. करणी सत्याच्या विरुद्धच असते असं मानणाऱ्यानं हे रोप डोळ्यांपुढे आणावं. गीतेच्या सातव्या अध्यायात हे सगळं जग दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखं परमेश्वरात ओवलेलं आहे, असं सांगितलं आहे. तिथेही दोरा दिसत नाही, पण लपवण्यासाठी नव्हे. जो शोधील त्याला तो सापडावा यासाठीच तर गीता सांगितली.

मग अधर्म कुठे आहे? तो दोऱ्यात नाही, दाव्यात आहे. नारळाच्या शेंडीत सोडियम लपवून पाण्याचा थेंब टाकला की जाळ होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवत आले. बुवाही तोच नारळ पेटवतो. सोडियम तेच, पाणी तेच, जाळ तोच. कार्यकर्ता आधी किंवा नंतर सांगतो की हे असं होतं. बुवा सांगतो की हे माझ्या शक्तीनं झालं, आता दक्षिणा ठेव. त्याला आपला साप दोरीवरचाच हवा असतो. दिवा आला की त्याचं दुकान बंद. महाराष्ट्रानं २०१३ मध्ये आणि गुजरातनं २०२४ मध्ये अशा शोषणाविरुद्ध कायदे केले. ते देवाविरुद्ध आहेत असं मला कधी वाटलं नाही. खोटा दावा काढून टाकला म्हणजे देवाला जागा मोकळी होते.

महाराजांना मी हेच सांगितलं. त्यांनी विचारलं, “पण ज्यांची श्रद्धा कच्ची आहे, त्यांचं काय?” प्रश्न रास्त आहे. कच्ची श्रद्धा अंधारात ठेवून पक्की होत नाही, असं माझं म्हणणं आहे. आज जो मुलगा पडद्यामागची मोटर न पाहता मोठा होईल, तो उद्या कुणाच्याही मोटरपुढे हात जोडेल. आता तर फोनवर दर आठवड्याला असं चित्र येतं: ढगात देव, डोळे उघडणारी मूर्ती. संगणक ते काही क्षणांत बनवतो, आणि कुणी बनवलं हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. बाबूभाईंच्या दोऱ्यामागे एक माणूस उभा होता आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत होतं. या चित्रांमागे कुणीच पुढे येत नाही, आणि आमच्याच घरातली वडीलधारी माणसं ती खरी समजून पुढे पाठवतात. त्यांची चूक नाही. त्यांना दिवा दाखवायचं काम आपलं, विशेषतः ज्यांना करणी येते त्यांचं.

म्हणून मी पोरांना मागे नेत राहणार. कॅम कसा फिरतो, तारेला काळा रंग का दिला, हे सांगणार आणि मग पुढे येऊन आरतीला उभं राहायला सांगणार. त्यातली काही पोरं हात जोडतील, काही जोडणार नाहीत. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण जे जोडतील ते जाणून जोडतील. श्रद्धेला अज्ञानाची गरज असते असं जो म्हणतो, तो श्रद्धेला फारच दुबळी समजतो. मला दिसलेली श्रद्धा तशी नाही. तिनं स्वतः देवाची किनार शिवलेली असते.