स्वसंरक्षण आणि पंचनामा

हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा 1837 साली सिद्ध करताना मेकॉले व त्याच्या सहकाऱ्यांनी स्वसंरक्षणाचा हक्क हात न आखडता दिला, आणि त्याचे कारणही नमूद करून ठेवले, की इथल्या प्रजेचा दोष प्रतिकाराचा अतिरेक हा नसून अन्याय मुकाट सोसणे हा आहे. परक्या राज्यकर्त्याचे हे प्रशस्तिपत्र फारसे भूषणावह नाही. त्या औदार्याचा लाभ मात्र आपण आजही घेतो. 1860 च्या संहितेतील 96 ते 106 ही कलमे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 या क्रमांकांनी नांदत आहेत, आणि जीविताचे रास्त भय उत्पन्न झाले असता, अथवा रात्री कोणी घर फोडून आत शिरला असता, हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंतही हा हक्क पोहोचतो. मात्र भय सरले की हक्कही सरतो.

इतके पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. परंतु परवान्याच्या बंदुकीतून गोळी सुटली त्या एका क्षणाचा इन्साफ बव्हंशी त्यानंतरच्या दोन-चार तासांतील वर्तनावरून होतो, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. फौजदार येतो, दोन पंच बोलावले जातात, उंबरठ्यापासून प्रेतापर्यंतचे अंतर फितीने मोजले जाते, पलंगाखाली घरंगळलेली काडतुसाची पुंगळी पाकिटात घालून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवून, तीवर लाखेची मोहोर केली जाते. जखमेभोवती काजळी आहे काय, छर्रे किती फाकले, यावरून बार किती अंतरावरून झाला याचा अदमास प्रयोगशाळा बांधते. नेमक्या अशा वेळी घाबरलेल्या गृहस्थाला, आणि त्याहूनही अधिक त्याच्या हितचिंतक शेजाऱ्याला, मृताच्या हाती एखादा कोयता ठेवून खऱ्याच गोष्टीस बळकटी आणण्याची बुद्धी होते. याहून घातक साहाय्य मला ठाऊक नाही. खोटा पुरावा रचणे हा स्वतंत्र गुन्हा आहेच, पण त्या एका कोयत्यापायी उरलेली सारी खरी हकिगतही संशयाच्या छायेत जाते.

म्हणून कशालाही हात न लावता प्रथम 112 क्रमांकावर खबर द्यावी, जखमी जिवंत असल्यास रुग्णवाहिका मागवावी, आणि जागा सोडून जाऊ नये. पलायन हेही आरोपीचे वर्तन म्हणून पुराव्यात येते. बोलावे किती? आमचा पांढरपेशा गृहस्थ फौजदाराला चहा पाजून, तिखटमीठ लावून, सारी कथा ऐकवतो. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात ग्राह्य नाही हे ऐकून तो निर्धास्त असतो, पण स्वतःच दिलेल्या फिर्यादीत कबुली नसेल तर तिच्यातील विधाने त्याच्याविरुद्ध पुराव्यात येऊ शकतात, हे त्याच्या गावी नसते. माणूस आत शिरला, त्याने हल्ला केला, मी बार केला, ही बंदूक, हा परवाना. यापलीकडची जबानी वकिलाच्या सल्ल्याने देईन, एवढे नम्रपणे सांगणे पुरे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदानुसार आरोपीवर करता येत नाही, आणि तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबानीवर सही द्यावी लागत नाही. अटक झालीच तर तिचे कारण विचारावे, नातलगास कळवण्यास सांगावे. प्रवासाचा वेळ वगळता 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

मौनाने बचाव बुडत नाही. जमिनीच्या ताब्यावरून उद्भवलेल्या मुन्शीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की आरोपीने हा बचाव स्वमुखाने मांडला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असल्यास न्यायालयाने त्याचा विचार करावा, आणि आरोपीने तो निःसंशय नव्हे, केवळ संभवनीय ठरवला तरी पुरे. मर्यादा ओलांडली गेली, पण सद्भावनेने, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधच लागू होतो. बंदूक मात्र मुद्देमाल म्हणून जप्त होते, आणि ती परत हवी असल्यास न्यायालयाचा हुकूम लागतो.