संकटातली माणुसकी दुसऱ्या दिवशी कोठे जाते?

गर्दीला डोके नसते, असे आपल्याकडे शिकलेली माणसे सहज बोलून जातात. एकटा माणूस शहाणा, दहा जमले की झुंड, आणि संकट आले की त्या झुंडीचे जनावर होते, अशी ही समजूत आहे. तिला पांडित्याचा आधार दिला ल बाँ नावाच्या फ्रेंच लेखकाने. जमावाला बुद्धी नसते, विकार तेवढे असतात, असे त्याच्या १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे प्रतिपादन आहे. पॅरिसचे कामगार १८७१ साली रस्त्यावर आले आणि काही आठवडे त्यांनी शहराचा कारभार हाती घेतला. त्या दिवसांची धास्ती तेथील वरच्या वर्गाच्या मनातून गेलेली नव्हती. ‘जमाव’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे माणसे नव्हती, खालचे लोक होते. आपल्याला ही दृष्टी अपरिचित नाही. सहा डिसेंबरला दादरला येणाऱ्या लाखो लोकांकडे पाहून नाक मुरडणारी मंडळी हीच भाषा बोलत आली आहेत. तासन् तास रांगेत उभे राहणारे, परतताना पिशवीतून पुस्तके नेणारे लोक त्यांना दिसत नाहीत. दिसते ती फक्त गर्दी.

तेव्हा संकटात माणसांचा समूह खरोखर कसा वागतो, हे पाहणे आपल्याला अगत्याचे आहे.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ माणसे मृत्युमुखी पडली. पाऊस कोसळत होता म्हणून लोक जिन्यावरच थांबले, आणि गाड्यांतून उतरलेले लोक मागून येतच राहिले. ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द छापला की वाचणाऱ्याला वाटते, लोक बेभान होऊन एकमेकांना तुडवीत धावले. वस्तुतः अशा जागी धावायला वावच नसतो. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसांहून अधिक दाटी झाली की पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. मागचा धक्का लाटेसारखा पुढे सरकतो आणि छाती दाबली गेल्याने माणसे उभ्या उभ्या गुदमरतात. मागच्याला पुढचे काही दिसत नसते. येथे दोष माणसाच्या स्वभावाचा नव्हे, अरुंद जिन्याचा. परंतु जिन्याचा जाब कोणाला तरी द्यावा लागतो, गर्दीचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. इंग्लंडात शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी अशाच दाटीत सापडून ९७ जणांचा बळी गेला, काहींचा त्याच दिवशी तर काहींचा पुढे. पोलिसांनी खापर प्रेक्षकांच्या दारूवर फोडले. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हा ज्यूरीचा निर्णय यायला २०१६ साल उजाडले. आणि त्या दिवशी त्याच प्रेक्षकांनी जाहिरातींच्या फळ्या उपटून त्यांवरून जखमींना उचलून नेले होते!

२००५ सालच्या जुलै महिन्यात दोन मोठ्या शहरांवर संकट आले. ७ जुलैला लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या तीन गाड्यांत व एका बसमध्ये बाँब फुटले आणि ५२ निरपराध माणसे मारली गेली. भुयारात अंधार होता, धूर होता, मदतपथके यायला वेळ होता. त्या वेळेत अनोळखी प्रवाशांनीच एकमेकांच्या जखमा बांधल्या, जवळचे पाणी वाटून घेतले, मरणाऱ्याचा हात हातात धरून ठेवला. जॉन ड्रुरी या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्यांशी बोलून याचा अभ्यास केला. त्यांना आढळले ते असे : स्फोटापूर्वी डब्यात सुटी सुटी माणसे होती, संकट सर्वांवर सारखेच आले आहे हे कळताच त्यांच्यात ‘आपण’ ही भावना उत्पन्न झाली, आणि ज्याला ‘आपला’ मानले त्याला मदत करणे ओघानेच आले.

याच महिन्याच्या २६ तारखेला मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, रस्ते पाण्याखाली, शेकडो बळी. त्या रात्री छातीइतक्या पाण्यात लोकांनी हाताला हात धरून साखळ्या केल्या, दोर बांधले, उघड्या गटारांपाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सावध केले. वस्त्यावस्त्यांतून चहा आणि बिस्किटे रस्त्यावर आली. पुढच्या वर्षी, ११ जुलै २००६ रोजी, पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. सर्व पहिल्या वर्गाच्या डब्यांत. रुळांकडे प्रथम धावले ते बाजूच्या झोपडपट्ट्यांतले लोक. अंथरुणावरच्या चादरी काढून त्यांची झोळी करून त्यांनी जखमींना बाहेर नेले. एरवी पहिल्या वर्गाचा प्रवासी खिडकीतून त्या झोपड्यांकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, हे सांगायला नको. चादर देणाऱ्याने त्याचा हिशेब मांडला नाही.

नववीच्या वर्गात आपत्ती व्यवस्थापन शिकवताना मी हे सांगतो तेव्हा मुलांचे चेहरे उजळतात. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, पण पाणी ओसरल्यावर काय होतं?” मला तो त्या पाठातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला. पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर नाही.

उत्तर किल्लारीच्या बाजूला शोधावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत धरणी हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. मारले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या मातीच्या थराने. कुडाच्या हलक्या छपराखाली मरण त्या मानाने कमी होते. पहिल्या तासांत वाचलेल्यांनी हातांनी ढिगारे उपसले. पुढे हजारो लोक मदतीला आले, तसे नुसते पाहायलाही आले, आणि बघ्यांच्या वाहनांनी मदतीच्या गाड्यांची वाट अडवली. गर्दी तीच, पण बघ्याच्या डोक्यावरचे छप्पर कोसळलेले नव्हते, एवढा फरक!

मग पुनर्वसन आले. ज्या गावांचे स्थलांतर झाले तेथे घरांचे आकार ठरले ते जमिनीवरून : भूमिहीनाला व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून अधिक जमीन असल्यास ७५०. ज्याचे मोठे घर पडले त्याला मोठे घर, असे याचे समर्थन करता येईल. सरकारी न्याय बहुधा असाच असतो. परंतु आपल्या गावांत भूमिहीन कोण असतो? भूकंपाने पुसलेली रेषा नव्या गावाच्या नकाशावर चौरस फुटांत पुन्हा आखली गेली.

तामिळनाडूत तर नकाशाचीही वाट पाहिली गेली नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना छावण्यांत जागा नाकारली गेली, पाणी व मदत देताना मागे ठेवले गेले, हे मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत नोंदले आहे. कुजलेली प्रेते उचलण्याचे काम मात्र सफाई कामगारांकडे आले. त्यांच्यापैकी बहुतेक दलित, आणि इतर नगरपालिकांतूनही आणलेले. मृतांना हात लावायला ती माणसे चालली. जिवंतांच्या शेजारी झोपायला चालली नाहीत.

येथे नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. पुराच्या रात्री हात देणारा माणूस खोटा होता काय? माझ्या मते नव्हता. त्याची करुणा खरी होती. पण तिला जागे करायला पाणी छातीपर्यंत चढावे लागले. ज्या ‘आपण’ला परिस्थितीने जन्म दिला, त्याला परिस्थिती पालटताच मरण आले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणेच्या पुढे मैत्री ठेवली, त्याचा अर्थ मला हे सारे वाचताना लागला. करुणेला समोर दुःख दिसावे लागते. मैत्रीला त्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून ती अगोदर कमवून ठेवता येते.

अगोदर कमवलेल्या ‘आपण’चे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक परतले. इतक्यात, हे आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी आवई उठली आणि स्पृश्यांचा जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मंडपावर चालून आला. लोकांना मारहाण झाली, अन्न मातीत गेले. काहींनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला. डाक बंगल्यावर बाबासाहेबांभोवती संतापलेले लोक एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द आला नाही, आणि त्यांनी हात आवरले. एकाच गावात, एकाच दुपारी दोन जमाव होते. पहिल्याला अफवेने एकत्र आणले होते. दुसरा आपण कशासाठी आलो आहोत हे ठाऊक असलेल्या माणसांचा होता, आणि मार खातानाही ते त्याला ठाऊक राहिले.

आता आपल्याविषयी. पाणी ओसरले की पंचनामा होतो. पिकाची भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. त्याच शेतात खुरपणाऱ्या बाईची पंधरा दिवसांची मजुरी बुडाली, त्यासाठी कागदावर रकाना नसतो. आपण हे नेहमी म्हणतो आणि ते खरेच आहे. पण मदतीची यादी कधीकधी आपल्या विहारातही तयार होते. त्या यादीत मातंग वस्ती असते काय? ज्यांनी अजून दीक्षा घेतलेली नाही ती घरे असतात काय? नदीकाठच्या पारध्यांच्या पालांत किती माणसे राहतात, त्यांत म्हातारी किती, तान्ही मुले किती, रात्री पाणी चढले तर त्यांना उठवायला कोण जाणार, हे मृगापूर्वीच्या एखाद्या रविवारी वंदनेनंतर बसून वहीत लिहून ठेवता येईल.