गुणांच्या तराजूत काय तोलले जाते?

देवळाच्या सभामंडपात शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलांचा सत्कार करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. अशा एका समारंभात बक्षिसांची यादी करण्याचे काम आमच्याकडे होते. पहिले बक्षीस ९१ टक्के गुणांच्या मुलास मिळाले. त्याचे आईवडील दोघेही शिक्षक. पहाटे आईबरोबर देवासाठी माळा गुंफून मग शाळा गाठणारी एक मुलगी ६८ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली होती. ती मंडपाच्या खांबाशी उभी राहून टाळ्या वाजवीत होती. नियम सर्वांस एकच होता, तरीही आमच्या मनास रुखरुख लागली. आम्ही गौरव केला तो मुलाचा, की त्याच्या घराचा?

समाजशास्त्राने शैक्षणिक मूल्यमापनापुढे ठेवलेला प्रश्न हाच आहे. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे ४,००० शाळांतील सुमारे ६ लक्ष विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. शाळेच्या इमारती व साधने यांपेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीचा संबंध त्याच्या यशाशी अधिक निकटचा आहे, असे तीत आढळले. फ्रान्समध्ये पिएर बूर्द्यू यांनी आणखी सूक्ष्म गोष्ट दाखविली. सुसंस्कृत घरातील बोलण्याची ढब व वाचनाची आवड मुलास वारशाने मिळते; परीक्षक मात्र तिला जन्मजात बुद्धी समजून गुण देतो. आपल्याकडेही घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाचा मराठी निबंध तपासताना त्याच्या विचारांस किती गुण दिले आणि घरच्या बोलीबद्दल किती कापले, हे शिक्षकाने स्वतःस विचारून पाहावे.

हे ज्ञान केवळ परदेशातून आले असेही नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शिष्यवृत्त्यांचा प्रश्न मांडला होता. केवळ चढाओढीने शिष्यवृत्त्या देणे तत्त्वतः न्याय्य दिसले, तरी त्यामुळे इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या विद्या न पोहोचलेल्या वर्गांसाठी असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते.

यावर कोणी म्हणेल की, मग कसोटीच सैल करावयाची काय? मुळीच नाही. सनई बेसूर वाजली, तर वाजविणाऱ्याच्या गरिबीने ती सुरात येत नाही. रोग्यास तपासणाऱ्या वैद्याचे ज्ञान पुरेच असले पाहिजे. एखादी विद्या आली की नाही, हे ठरविताना माप सर्वांस एकच हवे. परंतु कोणास साहाय्य द्यावे, कोणाचा गौरव करावा, कोणापासून पुढे काय आशा धरावी, हे प्रश्न निराळे आहेत. तेथे मूल कोठवर पोहोचले एवढेच पाहून भागत नाही. ते कोठून निघाले हेही पाहावे लागते.

यात एक धोकाही आहे. घराचा प्रभाव एकदा कळला की, ‘अशा घरच्या मुलीकडून एवढेच व्हायचे’ असे म्हणून हात झटकणे सोपे होते. मग जे ज्ञान करुणेस डोळे देण्यासाठी आले, तेच पूर्वग्रहाचे नवे सोवळे होऊन बसते. समाजशास्त्र समुदायाविषयी बोलते; समोरच्या एका मुलाचे भविष्य सांगण्याचा अधिकार ते कोणास देत नाही.

देवापुढे सर्व समान, असे आपण म्हणतो. त्याच देवाच्या मंडपात बक्षिसाची यादी करताना गुणपत्रिकेबरोबर आणखी एक प्रश्न विचारावयास काय हरकत आहे? हे गुण मिळविताना या मुलाच्या पाठीशी कोण होते? ९१ गुणांच्या मुलाचे कौतुक त्याने उणे होणार नाही. मात्र पहाटेच्या माळा देवाच्या गळ्यात पाहताना त्या गुंफणारे हात आपल्या यादीत आहेत की नाहीत, हे आपण पाहू लागू. आम्ही त्या वर्षी ते पाहिले नव्हते.