विरघळायला आधी 'मी' लागतो

मीपण हा आपल्या संतपरंपरेने माणसाच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडसर मानला. 'मी' आणि 'माझे' सुटावे, ही शिकवण कीर्तनातून, हरिपाठातून, घरच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आपल्यात इतकी मुरली आहे की कुणी स्वतःपायी सतत तळमळताना दिसले की आपण सहज सांगतो, 'स्वतःचा विचार जरा कमी कर.' बहुतेकांना हा सल्ला मानवतो. काही माणसांच्या बाबतीत मात्र तो घातक ठरतो. त्यांचे दुखणे 'मी' फार झाल्याचे नसतेच. त्यांचा 'मी' टिकत नाही.

अशांपैकी अनेकांच्या केसपेपरवर 'बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार' असे निदान लिहिले जाते. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी 1938 साली 'बॉर्डरलाइन' हा शब्द वापरला, तो न्यूरोसिस (सौम्य मनोविकार) आणि सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणारा तीव्र मनोविकार) यांच्या सीमेवर असल्यासारख्या वाटणाऱ्या रुग्णांसाठी. 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या विकाराला अधिकृत जागा मिळाली. पुस्तिकेच्या 2013 च्या आवृत्तीत त्याची नऊ लक्षणे आहेत आणि निदानाला त्यांतली पाच पुरतात. सोडून दिले जाण्याची भीती, आवरता न येणारा राग, स्वतःला इजा करणे, आतली पोकळी अशा यादीत 'स्वतःची अस्थिर ओळख' हेही एक लक्षण म्हणून येते. मला ही मांडणी अपुरी वाटते. ओळख हातात राहत नाही, एवढे एक नीट समजून घेतले की बाकीची बरीच लक्षणे कुठून येतात ते कळू लागते.

कल्पना करा, एखादी मुलगी ज्या मैत्रिणीबरोबर असते तिच्यासारखे बोलू लागते, तिची मते घेते, तिचीच स्वप्ने पाहते. ही नक्कल नव्हे, त्या वेळी ते सगळे तिला मनापासून आपले वाटते. मैत्री तुटली की ती मतेही जातात, स्वप्नेही जातात, आणि आत काहीच उरत नाही. अशा माणसाचा फोन कुणी उचलला नाही तर जीव इतका कासावीस का होतो, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. समोरचा गेला तर त्याच्याबरोबर आपणही नाहीसे होऊ, ही ती भीती आहे. तिला 'नाटक' म्हणणाऱ्यांना ती दिसलेलीच नसते.

या प्रश्नाला पहिली नेमकी भाषा दिली ती मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्याकडे उपचारासाठी आलेल्या सैनिकांना आपले नाव-गाव ठाऊक होते. हरवली होती ती वेगळीच गोष्ट: युद्धाआधीचा मी आणि आत्ताचा मी एकच आहोत, ही जाणीव. एरिक्सन यांना स्वतःचे जन्मदाते वडील कधी कळले नाहीत. सावत्र वडिलांचे होम्बर्गर हे आडनाव मागे टाकून त्यांनी अमेरिकेत एरिक्सन हे नवे आडनाव घेतले. ओळखीचा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ ग्रंथांतला नव्हता.

पुढे 1967 साली मनोविश्लेषक ऑटो केर्नबर्ग यांनी हा धागा व्यक्तिमत्त्वाच्या घडणीपर्यंत नेला. त्यांच्या मते अशा मनात चांगल्या आणि वाईट प्रतिमा एकमेकींत मिसळतच नाहीत. सकाळी देवासारखा वाटणारा माणूस संध्याकाळी वैरी होतो, आणि स्वतःबद्दलचा निवाडाही तसाच उलटतो. हायडेलबर्गचे मनोविकारतज्ज्ञ थॉमस फुक्स यांनी यात काळाचा विचार आणला. प्रत्येक क्षण असा पूर्ण भरून येतो की त्याच्या मागचे आणि पुढचे दिसेनासे होते. मला हे सगळ्यात महत्त्वाचे वाटते. काल दिलेला शब्द आज पाळायचा, तर काल बोलणारा आणि आज वागणारा एकच असावा लागतो. तो एकपणाच जिथे जाणवत नाही, तिथे 'शब्दाला जागत नाही' असा ठपका ठेवून काय साधणार?

बदलते तर सगळ्यांचेच. आईशी आपण एका तऱ्हेने बोलतो, साहेबांशी दुसऱ्या. सोळाव्या वर्षी रोज नवी ओळख चढवून पाहणे तर निरोगीपणाचेच लक्षण आहे. पण बदलणारा कोण, हे आपल्याला आतून माहीत असते. ओळखीचा हा प्रश्न इतर व्यक्तिमत्त्व विकारांतही दिसतो. आत्मप्रीतीच्या विकारात 'मी' फुगलेला दिसतो, पण तोही दुसऱ्याच्या कौतुकावर उभा असतो. परावलंबी व्यक्तिमत्त्वाचा माणूस आपले निर्णय दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणाने म्हणूनच व्यक्तिमत्त्व विकारांची बहुतेक जुनी नावे बाजूला ठेवली. माणसाची स्वतःची ओळख, स्वतःची किंमत, आयुष्याची दिशा आणि इतरांशी नाते यांत किती बिघाड आहे, हे त्यात आधी पाहिले जाते. या बदलाला उशीर झाला, पण तो योग्य दिशेचा आहे.

आता पुन्हा मीपणाकडे. तुकोबांचे स्वतःशी भांडण किती तीव्र आहे! विठ्ठलाशीही ते भांडतात, कोसळतात, स्वतःला हीन म्हणवून घेतात. तरीही अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असतेच. मीपण सोडू पाहणारा संतही आपल्या अनुभवावर आपल्या नावाने सही करतो. जिची सही रोज बदलते तिला मीपण सोडायला सांगणे म्हणजे तिच्याजवळ नसलेलीच गोष्ट तिच्याकडून मागणे.

अमेरिकेच्या मार्शा लिनेहान यांना 1961 साली, सतराव्या वर्षी, कनेक्टिकटमधल्या एका मनोरुग्णालयात दाखल केले गेले. त्या स्वतःला सतत इजा करत. या नरकातून बाहेर पडले तर इतरांना काढायला परत येईन, असा त्यांनी निश्चय केला. पुढे मानसशास्त्रज्ञ होऊन त्यांनी अशाच माणसांसाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती घडवली आणि 2011 साली त्याच रुग्णालयात उभे राहून आपली कहाणी जाहीर केली. त्यांनी या उपचारात झेन साधना आणली, म्हणजे 'मी' नाकारणाऱ्या परंपरेतलीच. पण त्यातून 'मी विसर' असे त्या शिकवत नाहीत. आत्ता मनात जे उठले आहे ते पाहा, त्याला नाव द्या आणि पळू नका, असे शिकवतात. असे पाहता पाहता पाहणारा हळूहळू स्थिर होत जातो.

लिनेहान यांच्या मांडणीत जन्मजात हळवेपणाइतकेच भोवतालालाही वजन आहे. 'त्यात रडण्यासारखं काय आहे?', 'तुला काही होत नाहीये' ही आपल्या घरांतली रोजची वाक्ये. नुसती ती वाक्ये कुणाला आजारी पाडत नाहीत, आईबापांना आरोपी करण्याचेही कारण नाही. पण आपल्याला जे वाटते ते खरेच वाटते आहे, याची खूण मुलाला कधीच पटू दिली नाही, तर त्याने 'मी' कशावर उभा करावा?

हा विकार जन्माचा चिकटतो, हा समजही आता सोडायला हवा. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी अशा रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. दहा वर्षांत दहांपैकी नऊहून अधिक जणांची लक्षणे निदानाच्या रेषेखाली आली आणि किमान दोन वर्षे तशीच राहिली. नोकरी आणि नाती यांची घडी बसणे मात्र त्यापेक्षा अवघड गेले. तेवढे पूर्ण सावरलेले साधारण निम्मेच होते.

तुमच्या घरात असे कुणी असेल, तर त्याला अहंकारावर प्रवचन देऊ नका. काल तो काय बोलला होता ते न टोचता आठवून द्या, तो रागावला तरी तुम्ही तेच राहा, आणि व्यक्तिमत्त्व विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे त्याला घेऊन जा. जिवाला धोका वाटला तर थांबू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येते.