नवस कुणाचा, नाच कुणाचा

चैत्र लागला की आमच्या संगमनेर तालुक्यात मला कुणीतरी हमखास विचारतं, "महाराज, सप्ताहाला टाळकरी गोळा करायला दारोदार फिरावं लागतं आणि यात्रेच्या तमाशाला पाय ठेवायला जागा नसते. असं का?" विचारणारा बहुधा यात्रा कमिटीतलाच असतो. सप्ताहाची वर्गणी त्यानेच फिरून जमवलेली असते आणि नारायणगावला राहुट्यांवर जाऊन फडाची सुपारीही त्यानेच दिलेली असते. पटांगण तेच, मांडववाला तोच, माईकवालाही तोच. मी पडलो कीर्तनकार, तेव्हा कलियुगाच्या नावाने चार शब्द बोलून मी त्याचं समाधान करावं, एवढीच त्याची अपेक्षा असते.

मला त्यातला प्रश्न वेगळा वाटतो. रात्रभर माणसं जागवणं हे आमच्याकडे मुळात देवाचंच काम. खंडोबाचं जागरण, देवीचा गोंधळ, एकादशीचा हरिजागर, सगळं दिवस मावळल्यावर. तमाशाही याच घरातून निघालेला. मग एक रात्र पुण्याची आणि दुसरी पापाची हे ठरवायचं कशावरून? कुणापुढे नाचलं यावरून, की कुणी नाचायला लावलं यावरून?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. पुण्याहून नाशिकला जाताना संगमनेरच्या अलीकडे हिवरगाव पावसा लागतं. आता ते गाव टोलनाक्यामुळे लोकांच्या तोंडी आहे. गावाला खंडोबाचं देवस्थान आहे, देवगड. हंगामात फडांच्या गाड्या याच रस्त्याने वर-खाली करतात. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून जिचं नाव घेतात, ती पवळा याच गावची. पवळा तबाजी भालेराव, महाराची पोर, जन्म १८७०. तिच्याआधी फडात बाईची कामं नाच्या पोरं करायची. पवळा लहान असतानाच आई-बापाने तिला नवसाची म्हणून खंडोबाला वाहिली, मुरळी केली, असं आमच्या भागात सांगतात. भंडारा उधळायचा, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, देवाशी लग्न लावून द्यायचं. मुलीने फक्त उभं राहायचं.

ही मुरळी पुढे फडात आली आणि पठ्ठे बापूरावांच्या जोडीने मुंबईला गेली. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मणाने घरदार, कुलकर्णीपण सोडून तमाशात जावं आणि महाराच्या मुलीबरोबर फड उभा करावा, याने त्या काळी केवढं काहूर उठलं असेल! दोघांचं नाव झालं ते मुंबईच्या एका रस्त्यावर.

ग्रँट रोडला जगन्नाथ शंकरशेटांच्या पुढाकाराने १८४६ साली नाटकगृह उघडलं. विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून येऊन १८५३ साली तिथे मराठी नाटक केलं, पारशी नाटक मंडळीही त्याच सुमाराला तिथेच उभी राहिली. मग त्या बाजूला थिएटराला लागून थिएटर झालं आणि फॉकलंड रोडचा तो सगळा टापू पिला हाऊस म्हणून गाजला. उर्दू नाटक, तमाशा, पुढे बायस्कोप आणि बोलपट. आल्फ्रेड, गुलशन, न्यू रोशन ही नावं त्या पिढीतल्या गिरणी कामगाराच्या जिभेवर असायची. मागच्या अंगाला कामाठीपुरा. चहाची हॉटेलं, अत्तरवाले, पानाच्या गाद्या, तिकिटाच्या खिडकीशी रेटारेटी.

माझे चुलते लोअर परळच्या गिरणीत साचेवाले होते. पारनेर, अकोले, संगमनेरची कितीतरी माणसं तेव्हा मुंबईत गिरण्यांना होती. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे. चुलते सांगायचे, पगार झाला की शनिवारी पिला हाऊस आणि गुरुवारी चाळीच्या गच्चीवर भजन. माणसं तीच. भजनात पेटी वाजवणाराच थिएटरात पुढची जागा धरायला सगळ्यांत आधी पळायचा. मी त्यांना एकदा विचारलं, "नाना, मनाला टोचत नव्हतं?" ते म्हणाले, "दोन्हीकडं आधी गणपतीच असायचा की रं. मग टोचायचं काय?"

नाना म्हणत होते ते खरंच आहे. तमाशा गणाने उभा राहतो. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि कडं यांची सलामी झडते, मग गणपतीला आवाहन, मग गौळण. यात्रेत फडाची गाडी पुष्कळदा आमच्या मांडवामागेच लागते, म्हणून मी हे जवळून पाहिलं आहे. पत्र्याच्या पेटीवर गणपतीची तसबीर, तिच्यापुढे उदबत्ती. बोर्डावर जाणारी प्रत्येक बाई घुंगरांचा चाळ कपाळाला लावते, मग पायात बांधते. आमच्यातले काही टाळकरी त्याच वेळी मोबाइल चाळत असतात.

पण नानांना एक गोष्ट सुचली नव्हती. ज्या गणपतीला पवळा रोज रात्री हाक मारायची, त्याच्या देवळात तिला पाऊल टाकता येत नव्हतं. खुद्द पंढरपूरचं विठ्ठल मंदिरही अस्पृश्यांना खुलं झालं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. पवळा वारली १९३९ साली. देवाला रस्त्यावर बोलवायचा तिला अधिकार होता, देवाच्या घरी जायचा नव्हता. म्हणजे पिला हाऊसचा बोर्ड हेच तिचं देऊळ होतं, असं म्हणून डोळ्यांत पाणी आणता येतं आणि टाळ्याही घेता येतात. कीर्तनात हे वाक्य चांगलं चाललं असतं. मी ते घेत नाही, कारण त्याने हिशोब फार स्वस्तात मिटतो.

हिशोब मिटू दिला नाही तो डॉ. आंबेडकरांनी. तमाशाच्या अभ्यासकांनी नोंदवलेली हकिकत अशी, की महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूराव पवळाला घेऊन बाबासाहेबांकडे गेले आणि काही खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ म्हणाले. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. आमच्या बायका नाचवून मिळालेला पैसा मला नको, असा त्यांचा रोख होता. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कठोर वाटलं. देणारा मनापासून देत होता, काम पवित्र होतं, पैशाची गरजही होती. मग कुणाचं काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं ते हे, की दान देणाऱ्याचं नसतं झालं. बापूराव स्वतःची लेखणी देऊ शकत होते, स्वतःचा आवाज देऊ शकत होते. तिथे दिले जात होते पवळाचे पाय. तिच्या बापाने जे खंडोबापुढे केलं, तेच चांगल्या हेतूने पुन्हा होत होतं. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, आराधिणी, पोतराज यांच्या सभेत बाबासाहेबांनी हे जिणं सोडा असं रोखठोक सांगितलं. पोट कसं भरायचं हा प्रश्न त्यांना ठाऊक नव्हता थोडाच! पण पोटाचा प्रश्न देवाच्या नावाखाली झाकायला त्यांचा विरोध होता.

आता माझ्या संप्रदायातला माणूस इथे हात वर करतो. तो म्हणतो, "महाराज, भक्ती म्हणजेच शरणागती. स्वतःची इच्छा देवाच्या पायाशी ठेवायची. मग मुरळीला विचारलं नाही म्हणून काय झालं? इच्छा राहिलीच नाही तर विचारायचं कुणाला?" हा पूर्वपक्ष हलका नाही. कित्येक पिढ्या लोक याच आधारावर लेकरं वाहत आले.

याचं उत्तर शोधायला मला आमच्या जिल्ह्याबाहेर जावं लागलं नाही. नेवाशाला प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेवर टीका सांगितली. गीतेचा अठरावा अध्याय काढून पाहा. सगळं सोडून मला एकट्याला शरण ये, असं कृष्ण सांगतो तो श्लोक सहासष्टावा. पण त्याच्या आधी, त्रेसष्टाव्या श्लोकात, तो अर्जुनाला म्हणतो की मी सांगितलं त्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोकळीक, मग शरणागती. देवाने स्वतः अठरा अध्याय समजावून सांगितलं आणि तरीही निर्णय अर्जुनाच्या हातात ठेवला. जे देवाने केलं नाही ते करायचा अधिकार बापाला, गावाला किंवा पुजाऱ्याला कुठून आला? जिच्याजवळ 'नाही' म्हणायची सोयच नाही, तिची शरणागती होत नाही. तिला फक्त सोपवून दिलेलं असतं.

दुसरा दाखला कान्होपात्रेचा. मंगळवेढ्याच्या श्यामा गणिकेची ही लेक. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा ती पंढरपूरला गेली आणि विठ्ठलाच्या पायाशी तिने देह ठेवला. वारकऱ्यांनी तिला संत मानलं, देवळाच्या आवारात तिची जागा आहे. आम्ही कीर्तनकार तिची कथा सांगताना भर देतो तो तिच्या रूपावर आणि शेवटच्या चमत्कारावर. माझ्या मते तिचं संतपण तिने स्वतः वाट निवडली यात आहे. तिला कुणी विठ्ठलाला वाहिली नव्हती.

मुरळ्यांनीही हे बोलून दाखवलं आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यात १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढलं, त्यात मुरळ्यांची पत्रं छापली गेली. आम्हाला या जिण्यातून बाहेर काढा, आम्हाला संसार करायचा आहे, असा त्यांचा सूर. त्याच वर्षांत पिला हाऊसच्या रस्त्यावर तमाशाची तिकिटं खपत होती. शहाणी माणसं तेव्हा वाद घालत होती तो तमाशा अश्लील की नाही, यावर. बायका विचारत होत्या त्या प्रश्नाचा त्यात मागमूस नव्हता.

मग तो रस्ता तरी मोकळा होता का? थोडा होता. तिथे पवळाच्या नावावर तिकीट जात होतं, आणि गावकुसाबाहेरच्या बाईच्या नावाने शहर रांगेत उभं राहतं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पण रस्त्यालाही आपला देव असतो आणि तो रोकड्याचा. फडात आजही माणूस उचल घेऊन बांधला जातो, उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मालकाकडे. देवळाने पवळाला विचारलंच नाही. बाजाराने विचारलं, पण भूक लागलेली असताना. या दोन्हींत मला बाजार थोडा बरा वाटतो, कारण उचल कधीतरी फिटू शकते. नवसाला फिटण्याची सोय नव्हती. कीर्तनकाराने असं लिहिणं काहींना रुचणार नाही, पण मला त्याला इलाज दिसत नाही. फॉकलंड रोडचं सरकारी नाव आता पठ्ठे बापूराव मार्ग आहे, आणि ते योग्यच आहे. त्या रस्त्यावर पवळाच्या नावाची पाटी नाही, हेही तिथे कुणाला विचारलं जात होतं ते दाखवतं.

या सगळ्याला शंभर वर्षं झाली, मुरळी सोडण्याविरुद्ध कायदे झाले, तेव्हा हा विषय संपला असं वाटेल. माझा विषय इथेच सुरू होतो, कारण नवस आता आमच्या मांडवात आला आहे. बालकीर्तनकारांचा हंगाम आहे. सात-आठ वर्षांची पोरं फेटा बांधून, उपरणं सावरून तासभर पाठ केलेलं बोलतात. गर्दी होते, व्हिडिओ फिरतात, बिदागीही आमच्यापेक्षा चांगली. पोर झालं तर तुझ्या सेवेला लावीन असं बोललेले आई-बापही मी पाहिले आहेत.

मागे एका सप्ताहात माझ्या आधी एका लहान मुलीचं कीर्तन होतं. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. ती मांडवामागे सतरंजीच्या गुंडाळीवर डोकं टेकून गाढ झोपली होती, फेटा बाजूला पडलेला. वडील गालावर पाण्याचा हात फिरवून उठवत होते आणि कमिटीवाले घड्याळ दाखवत होते. मी तिच्याशेजारी बसलो आणि विचारलं, "बाळ, आज करायचंय का कीर्तन?" तिने आधी वडिलांकडे पाहिलं. मी वडिलांना पाणी आणायला पाठवलं आणि पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "उद्या केलं तर चालंल का?"

चाललं. मी लवकर उभा राहिलो, कमिटीची थोडी नाराजी झाली, लोकांची अजिबात झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकड्यानंतर ती आपणहून आली, एक गौळण म्हटली आणि बसली, उरलेलं निरूपण केलं नाही. वडील खट्टू झाले.

तेव्हापासून यात्रा कमिटीला मी एकच अट घालतो. मांडवात लहान पोर उभं करायचं असेल तर आई-बापाला बाजूला ठेवून त्याला एकदा विचारा, आणि ते नको म्हणालं तर त्याच्या जागेवर मी बिनबिदागीचा उभा राहीन. तमाशाला गर्दी आणि सप्ताहाला ओस का, या प्रश्नाचं उत्तर मी अजून देत नाही. ज्या गावांना माझी ही अट मान्य नाही, त्या गावांनी मला बोलावणं बंद केलं आहे, आणि तोही त्यांचा अधिकार आहे.